आधी पत्रा, मग ब्रेक, वेग सर्वांत शेवटी: जुनी एमजीबी रस्त्यावर आणताना

ब्रिटनमध्ये स्थिरावलेल्या आणि हाताने काही करायची आवड असलेल्या कुणीही जुनी स्पोर्ट्‌स कार कोणती घ्यावी असं विचारलं, तर मी एकच नाव सांगतो: एमजीबी. 1962 ते 1980 अशी अठरा वर्षं ही गाडी ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार होत होती आणि पाच लाखांहून अधिक गाड्या तिथून बाहेर पडल्या. त्यामुळे तिचा जवळजवळ प्रत्येक भाग आजही नवा मिळतो, तोही पोस्टाने, दोन-तीन दिवसांत. इंजिनाभोवती हात घालायला जागा आहे, इलेक्ट्रॉनिक्स जवळपास नाहीच आणि बहुतेक कामं साध्या पान्यांनी होतात. तिच्याविषयीची जुनी माहितीही इतकी उपलब्ध आहे, की नवशिक्या माणूस कुठे अडून राहत नाही.

मात्र एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. या गाडीचं 1798 सीसीचं इंजिन नवं असताना साधारण 95 अश्वशक्तीचं होतं. आजची साधी घरगुती गाडी सिग्नलवर तिला मागे टाकेल. एमजीबीचा आनंद वेगळ्या ठिकाणी आहे. तुम्ही जमिनीच्या जवळ बसता, गिअरचा दांडा आखूड आणि हाताशी असतो, स्टिअरिंगमधून रस्त्याचा खडबडीतपणा तळहाताला कळतो. कॉट्‌सवोल्ड्‌स किंवा वेल्सच्या अरुंद, वळणावळणाच्या रस्त्यावर ताशी पन्नास मैलांना जी मजा येते, ती मोटरवेवर ताशी सत्तरला येत नाही. म्हणून खर्चाचा क्रमही त्या आनंदाला धरूनच लावावा: पत्रा, मग ब्रेक आणि चाकांची जोडणी, मग गाडी थंड आणि भरवशाची ठेवणाऱ्या गोष्टी, आणि इंजिनाची ताकद अगदी शेवटी. पुष्कळ जण हा क्रम उलटा लावतात. गंजलेल्या गाडीत तापट इंजिन बसतं, आणि दोन वर्षांनी ती अर्धवट अवस्थेत विकायला निघते.

कोणत्या वर्षाची घ्यावी, यावर फार घोळ घालू नका. 1964 च्या अखेरीपासून इंजिनाच्या क्रँकला तीनऐवजी पाच बेअरिंग आली, ते इंजिन अधिक दणकट. 1967 च्या अखेरीस आलेल्या मार्क 2 मध्ये चारही गिअरांना सिंक्रोमेश मिळाला, डायनामोच्या जागी अल्टरनेटर आला आणि वायरिंग पॉझिटिव्हऐवजी निगेटिव्ह अर्थची झाली. म्हणजे आजचा कोणताही दिवा किंवा चार्जर तिला विनातक्रार जोडता येतो. 1974 च्या शरदापासून अमेरिकेच्या नियमांमुळे क्रोमचे बंपर गेले, काळे रबरी बंपर आले आणि गाडीची उंची सुमारे दीड इंच वाढवली गेली. हौशी मंडळी या रबरी बंपरच्या गाड्यांकडे नाक मुरडतात, म्हणून त्या स्वस्त मिळतात. उंचीचा दोष सुधारता येतो. माझा कल सरळ आहे: सडक्या क्रोमपेक्षा सुदृढ रबर बंपर घ्या. छप्पर बंद असलेली जीटी तर आणखी विचार करण्यासारखी आहे. 1965 साली आलेल्या या रूपाच्या घडणीत इटलीच्या पिनिनफरिनाचा हात होता. ब्रिटनच्या पावसात ती वर्षभर वापरता येते, शिवाय उघड्या गाडीपेक्षा कमी दरात मिळते.

आता पत्रा. इथे घाई केलीत तर पुढचं सगळं मुळावर येईल. एमजीबीला वेगळी चासी नाही. बॉडी हाच सांगाडा. त्यातही उघड्या गाडीला छताचा आधार नसल्याने सगळा भार दोन्ही दरवाज्यांखालून जाणाऱ्या पेट्यांवर येतो. त्यांना सिल म्हणतात. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, मध्ये उभा पडदा आणि तळाशी कंगोऱ्यांची पट्टी असे थर एकमेकांना जोडून ही पेटी तयार होते. नव्या बाहेरच्या पत्र्यामागे आतला पडदा पूर्ण कुजलेला असू शकतो. वरून कीर्तन, आतून तमाशा अशी स्थिती विकाऊ गाड्यांत वारंवार दिसते, आणि चकचकीत रंगाची किंमत मोजून माणूस फसतो.

गाडी बघायला जाल तेव्हा इंजिन सुरू करण्याआधी दरवाज्यापाशी बसा. दरवाजा आणि त्याच्या मागचा पत्रा यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत बोटाने चाचपत जा. ती सारखी हवी. वरच्या बाजूला फट मिटलेली आणि खाली रुंद असेल, तर गाडी मध्यातून खचली आहे. मग मालकाची परवानगी घेऊन त्या बाजूने जॅक लावा आणि दरवाजा उघडून पुन्हा लावून बघा. चाक वर उचललं गेल्यावर दरवाजा अडकायला लागला, तर सिलमध्ये जीव राहिलेला नाही. दरवाज्याच्या वरच्या कडेला, तिरप्या छोट्या काचेच्या खाली एखादी भेग आहे का तेही पाहा. ती तिथे नेहमी पडते आणि बऱ्याचदा पुट्टीने लपवलेली असते. लहानसं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पुढच्या आणि मागच्या चाकांच्या कमानींवर, पुढच्या मडगार्डांच्या खालच्या टोकांवर फिरवा. जिथे ते चिकटत नाही, तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. सीटमागचं झाकण उचलून बॅटरीची पेटी तपासा. 1974 पर्यंतच्या गाड्यांत तिथे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असत आणि त्यांच्या ॲसिडने खालचा पत्रा खाल्लेला असतो. शेवटी गाडीखाली जाऊन मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांची पुढची टोकं जिथे बॉडीला अडकवली आहेत, तिथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. आवाज टणक यायला हवा.

सिल बदलायची असेल तर हे काम वेल्डिंग येणाऱ्या, एमजीबी आधी केलेल्या माणसाकडे द्या. देतानासुद्धा दोन गोष्टी विचारा. दरवाज्याच्या मोकळ्या जागेत आडवा आधार वेल्ड करूनच कापायला घेणार ना? आणि एका वेळी एकच बाजू उघडणार ना? दोन्ही बाजू एकदम कापल्या तर सांगाडा वाकतो आणि नंतर दरवाजे कधीच नीट बसत नाहीत. जाणता कारागीर नवी सिल आधी चिमट्यांनी धरतो, दरवाजा लावून फटी बघतो आणि मगच टाके घालतो. काम झाल्यावर पोकळ जागांत मेणासारखं गंजरोधक फवारून घ्या आणि सिलच्या तळाची पाणी वाहून जायची भोकं मोकळी आहेत याची खात्री करा.

गाडी सर्वांगाने कुजलेली असेल, तर तुकडे जोडत बसण्यापेक्षा नवा सांगाडा घेणं शहाणपणाचं. ब्रिटिश मोटर हेरिटेजने 1988 पासून मूळ साच्यांवर एमजीबीचे संपूर्ण सांगाडे तयार करायला सुरुवात केली. किंमत भरपूर असते, पण सहा ठिकाणच्या वेल्डिंगचा आणि त्यानंतरच्या रंगकामाचा हिशेब कागदावर मांडलात, की दोन आकडे फार लांब राहत नाहीत.

पत्रा ठाकठीक झाला, की ब्रेक. ब्रिटनमध्ये विकल्या गेलेल्या बऱ्याच एमजीबींमध्ये ब्रेक ऑइलची एकच लाइन असते. ती कुठेही फुटली, तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. म्हणून जुनी रबरी नळी वरून कितीही चांगली दिसो, ती काढाच. तिन्ही लवचीक नळ्या, मास्टर सिलिंडरची किट, मागच्या ड्रममधले सिलिंडर हे सगळं एकाच वेळी नवं घाला, धातूच्या नळ्या गंजरहित मिश्रधातूच्या करून घ्या आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. पुढच्या डिस्कचे मूळ मापाचे ब्रेक चांगल्या पॅडसह रस्त्यासाठी पुरेसे आहेत. मोठ्या डिस्क आणि महागडे कॅलिपर मला या वजनाच्या गाडीत अनावश्यक वाटतात.

पुढच्या चाकांची जोडणी जुन्या पद्धतीची, किंगपिनवर फिरणारी आहे. तिला ग्रीस हवं, आणि ते वेळेवर हवं. प्रत्येक बाजूला तीन निपल असतात; दर तीन हजार मैलांनी, चाक हवेत उचलून, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत ग्रीसगन चालवा. झीज तपासायची रीत सोपी आहे. चाक वर आणि खाली धरून हलवा. हललं तर मित्राला ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबूनही खेळ राहिला, तर दोष किंगपिनचा. थांबला तर बेअरिंगचा. तारांची चाकं असतील, तर ब्रेक दाबून धरल्यावर चाक पुढे-मागे ढकलून पाहा. ‘कट्’ असा आवाज आला, तर आतले खाचदाते झिजले आहेत. हौस म्हणून तारांची चाकं सुंदर दिसतात, पण ज्याला गाडी धुण्यापेक्षा चालवायची जास्त आवड आहे, त्याने पोलादी रोस्टाइल किंवा मिश्रधातूची चाकं लावावीत.

टायरबाबत मात्र कंजुषी नको. जुन्या गाडीवर खोबणी पूर्ण शाबूत असलेले, पण दगडासारखे कडक झालेले टायर हमखास सापडतात. बाजूवरच्या चार आकड्यांत त्यांचं वय लिहिलेलं असतं: 1512 म्हणजे 2012 सालचा पंधरावा आठवडा. दहा वर्षं उलटली असतील तर ते काढून टाका. माप मूळच्या जवळपास ठेवा, म्हणजे 165 रुंदीचे उंच टायर किंवा फार तर 185/70. याहून रुंद टायर घातले तर पार्किंगमध्ये स्टिअरिंग जड होतं आणि वळणावर गाडी हळूहळू घसरू लागल्याची जी गोड सूचना मिळते, ती हरवते.

थंड ठेवण्याच्या कामात रेडिएटर नवा किंवा आतून साफ केलेला हवा, सगळे होज नवे हवेत. विजेच्या बाबतीत ल्यूकासच्या वायरिंगला सगळे नावं ठेवतात, पण निम्म्याहून अधिक दोष गंजलेल्या अर्थ जोडण्यांचे असतात. प्रत्येक जोडणी सोडवा, घासा, पुन्हा आवळा. हेडलाइटसाठी रिले लावले की विजेचा पूर्ण दाब दिव्यांपर्यंत पोहोचतो आणि जुन्या स्विचवरचा ताण जातो. पॉइंट्‌सच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणं हा अर्ध्या तासाचा बदल आहे आणि सकाळच्या थंडीत त्याचा उपयोग जाणवतो.

आता इंजिन. ते ढिलं नसेल, म्हणजे गरम झाल्यावर चालत्या गाडीत तेलाचा दाब 50 ते 70 पीएसआयच्या दरम्यान असेल आणि निळा धूर नसेल, तर खोलू नका. त्याला जुन्या इंजिनांसाठीचं 20 डब्ल्यू-50 तेल द्या, व्हॉल्व्हच्या फटी लावा, टायमिंग बघा आणि मग एसयूच्या जोड कार्ब्युरेटरांकडे वळा. गाडीचं सगळं वागणं इथे ठरतं, आणि हे काम स्वतः शिकण्यासारखं आहे.

एक दुपार मोकळी काढा. इंजिन पूर्ण गरम करा आणि हवेचे फिल्टर काढून ठेवा. दोन्ही कार्ब्युरेटरांना जोडणारा दांडा ढिला करा, म्हणजे प्रत्येकाला वेगळं ऐकता येईल. आता हातभर लांबीची रबरी नळी घ्या. एक टोक कानाशी, दुसरं टोक पहिल्या कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. हवा ओढली जाण्याचा सूंऽऽ आवाज ऐका, मग दुसऱ्यापाशी जा. ज्याचा आवाज मोठा, तो जास्त हवा घेतोय. दोन्ही आवाज एकसारखे होईपर्यंत स्क्रू पाव-पाव फेरा फिरवा. नंतर पेट्रोलचं प्रमाण. सुरुवातीच्या वर्षांच्या एचएस4 कार्ब्युरेटरांत खाली एक छोटी पिन असते. ती वर ढकलली की आतला पिस्टन किंचित उचलला जातो. इंजिनाचा वेग वाढून वाढलेलाच राहिला, तर पेट्रोल जास्त आहे. लगेच दचकून बंद पडायला लागलं, तर कमी आहे. क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाला, तर नेमकं आहे. कमी-जास्त करण्यासाठी जेटचं नट एका वेळी एकच कडा फिरवायचं. खाली नेलं की पेट्रोल वाढतं. हे जमलं की ॲक्सिलरेटरवर हलकं पाऊल ठेवताच गाडी बिनधक्का पुढे सरकते. पुष्कळदा मालकाला नव्या इंजिनाची गरज वाटत असते आणि प्रत्यक्षात या एका दुपारचीच गरज असते.

इंजिन खोलावंच लागलं, तर सिलिंडर हेडला शिसेविरहित पेट्रोलसाठीच्या कठीण व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या; त्याच वेळी बोअर वाढवून इंजिन 1950 सीसीचं करता येतं. सौम्य ‘फास्ट रोड’ कॅमशाफ्ट पुरे. त्याहून तापट कॅम शर्यतीसाठी असतो. गावातल्या संथ रहदारीत तो पायाला आणि मनाला थकवतो.

गाडी आपल्या मनासारखी करायची तर पहिला पैसा ओव्हरड्राइव्हवर घाला. लेकॉकचा ओव्हरड्राइव्ह असलेला गिअरबॉक्स मोटरवेवर ताशी 70 मैलांना इंजिनाचे फेरे मिनिटाला सुमारे 3,900 वरून 3,200 च्या आसपास आणतो. कानाला आराम, पेट्रोलची बचत, शिवाय सगळं मूळच्या घडणीतलंच. पाच गिअरांचा नवा बॉक्सही बसवता येतो, पण तिसऱ्या गिअरमध्ये वळण संपता संपता बोटाने स्विच दाबून ओव्हरड्राइव्ह लावण्यात जी लज्जत आहे, ती त्यात नाही. रबर बंपरची गाडी मूळ क्रोमच्या उंचीवर उतरवा आणि पुढे अँटी-रोल बार आहे याची खात्री करा. 1974 ते 1976 च्या काही गाड्यांत तो मुळातच दिलेला नव्हता. या दोन कामांनी गाडीचा स्वभाव बदलतो. खालच्या विशबोनला जीटी व्ही8 च्या धातू-रबराच्या बुशा लावा. कडक पॉलियुरेथेन सर्वत्र भरू नका, प्रत्येक खड्डा पाठीत बसतो. दांड्याचे जुने शॉक ॲब्सॉर्बर व्यवस्थित दुरुस्त केलेले असतील, तर तेच ठेवा. स्टिअरिंग किंचित लहान लावा, सीटचा फोम आणि पट्टे नवे करा. आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून जपून ठेवा. गाडी मूळ रूपात परत नेता येईल असेच बदल करायचे, हा नियम मी सर्वांना सांगतो, कारण तिचं आयुष्य तुमच्यापेक्षा मोठं असणार आहे.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. ब्रिटनमध्ये गाडीने चाळिशी ओलांडली, की ‘ऐतिहासिक’ वर्गात नोंद करून रोड टॅक्स माफ होतो, लंडनचं प्रदूषणावरचं युलेझ शुल्क लागत नाही आणि गेल्या तीस वर्षांत मोठा फेरबदल झालेला नसेल, तर वार्षिक एमओटी तपासणीचीही सक्ती नसते. त्याच नमुन्याचा नवा सांगाडा किंवा त्याच जातीचं मोठ्या बोअरचं इंजिन मोठा फेरबदल धरला जात नाही. सवलत असली तरी वर्षातून एकदा स्वखुशीने एमओटी करून घ्या. परक्या डोळ्याला जे दिसतं ते मालकाला दिसत नाही. विमा ठरलेल्या किमतीचा घ्या आणि केलेला प्रत्येक बदल विमा कंपनीला लेखी कळवा. सप्टेंबर 2021 पासून तिथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला मऊ करून फोडतं. म्हणून ई5 सुपर पेट्रोल भरा, आणि तरीही टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घाला. पेट्रोल गळून गरम एक्झॉस्टवर पडणं ही जुन्या गाडीतली सर्वांत भयंकर गोष्ट आहे.

मुंबई-पुण्यात जुनी फियाट 1100 किंवा पद्मिनी जपणाऱ्यांनाही कामाचा क्रम हाच लागू आहे. तिथे पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, तेव्हा नळ्यांची काळजी आणखी गरजेची. फेरबदलांत मात्र हात आखडता घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीतल्या मूळ तपशिलाला छेद देणारे बदल करू देत नाही. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये आणि मुदत दहा वर्षं. पण त्या क्रमांकावर गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा ठरावीक कामांसाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. रोज चालवायची की मिरवायची, हे ठरवूनच अर्ज करा.

काम पूर्ण झालं की लगेच स्कॉटलंडचा बेत आखू नका. पहिले काही आठवडे घरापासून दहा-पंधरा मैलांच्या आत फिरा, टूलबॉक्स आणि आग विझवण्याचं यंत्र बरोबर ठेवून. प्रत्येक फेरीनंतर गाडीखाली पुठ्ठा सरकवून रात्रभर ठेवा आणि सकाळी डाग कुठे पडलेत ते बघा: तेल, पाणी, ब्रेक ऑइल, पेट्रोल, प्रत्येकाचा रंग आणि वास वेगळा. चाकांचे नट पहिल्या पन्नास मैलांनी पुन्हा आवळा. इंजिन नव्याने बांधलं असेल, तर पाचशे मैलांपर्यंत ते मिनिटाला 3,500 फेऱ्यांच्या वर नेऊ नका. पाचशे मैल झाले की तेल आणि फिल्टर बदला, व्हॉल्व्हच्या फटी पुन्हा तपासा, कार्ब्युरेटर पुन्हा एकदा ऐका आणि सस्पेन्शनचे सगळे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे घट्ट करा. त्यानंतर लांबचा रस्ता मोकळा आहे.